जुन्या मोटारी खान्देशच्या उन्हाने नव्हे, पाण्याने तापतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या शाही मोटारींवर सचित्र लेख आला. छायाचित्रे देखणी होती, माहितीही बरीचशी अचूक होती. एक विधान मात्र खटकले. या गाड्या थंड मुलखासाठी घडवलेल्या असल्याने खान्देशच्या उन्हाळ्यात त्या तापणारच, असे लेखात म्हटले आहे. हा समज जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत आणि मालकांच्या घरांत घट्ट बसला आहे आणि त्यानेच या गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. 'तापणारच' असे एकदा ठरले की का तापते हे कोणी शोधत नाही. मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला जातो, रेडिएटरपुढे विजेचा पंखा ठोकला जातो, मूळ झाकणाच्या जागी आत दाब धरणारी प्रेशर कॅप येते आणि एखाद्या उन्हाळ्यात ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरांच्या ओतकामाला, तडा जातो. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी इतिहासातला एक दाखला. १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस ४०/५०, म्हणजे ज्या जातीला आपण सिल्व्हर घोस्ट म्हणतो ती गाडी, मुंबई-कोल्हापूर स्पर्धेत सुमारे ६२० मैल घाटरस्त्यांनी धावली आणि जिंकली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. त्यानंतरची कित्येक वर्षे हिंदुस्थानातले संस्थानिक अशा मोटारी घडवणाऱ्या परदेशी कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या मुलखातले ऊन या कारखान्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही.

आता यंत्रणा. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा सिलिंडरभोवतीच्या पाण्यात उतरतो. ते पाणी रेडिएटरमध्ये नेऊन हवेला द्यायचे, एवढेच काम. सुरुवातीच्या साध्या गाड्यांत हे थर्मोसायफनवर चाले: गरम पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली येते, पंप नाहीच. त्यात एक अट असते. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणे तत्काळ थांबते. मोठ्या इंजिनाला हे पुरेना, म्हणून सिल्व्हर घोस्टसारख्या गाड्यांत इंजिनावर चालणारा सेंट्रिफ्युगल पंप आला. आपल्या विहिरीवरच्या पंपाचेच हे धाकटे भावंड. रेडिएटरचा खरा शोध त्याआधीचा, १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपीचा. विल्हेल्म मायबाख यांनी ६ मिलिमीटर चौरस अशा ८,०७० आखूड नळ्या एकत्र झाळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली. हवा नळ्यांतून जाते आणि पाणी नळ्यांमधल्या अगदी अरुंद फटीतून. त्यामुळे आधी लागायचे त्याच्या निम्म्या पाण्यात काम भागू लागले. ती अरुंद फट ध्यानात ठेवावी, पुढची सगळी रड तिच्यापाशीच येते.

लेखातल्या विधानाला खरे उत्तर मिळते ते शटरकडे पाहून. रोल्स-रॉइसच्या ट्वेंटी आणि फँटम गाड्यांच्या रेडिएटरपुढे धातूच्या पट्ट्या असतात. आधी त्या चालकाने हाताने उघडायच्या असत, पुढे १९३०च्या दशकात त्या थर्मोस्टॅटने आपोआप उघडू-मिटू लागल्या. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनेही अशी आपोआप चालणारी शटरे वापरली. रेडिएटर झाकायची सोय मुद्दाम करावी लागते याचा अर्थ एवढाच, की थंड हवेत तो गरजेपेक्षा जास्त मोठा पडत होता. हिशोब सोपा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ८५ अंश आणि हवा १५ अंश असेल तर फरक ७० अंशांचा. भुसावळला मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ४० उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद सत्तावन्न टक्क्यांवर येते. थंड मुलखात निम्मा रेडिएटर झाकून चालणारी गाडी इथे पूर्ण उघड्या रेडिएटरवर चालते. पण शिल्लक काही उरत नाही. तिकडे तिसरा हिस्सा नळ्या गाळाने बुजल्या तरी मालकाला पत्ता लागत नाही, इथे दहावा हिस्सा बुजला तरी तापमानाचा काटा वर जातो. ऊन दोष उघडा पाडते, निर्माण करत नाही.

दोष येतो तो पाण्यातून. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक गाड्यांची यंत्रणा उघडी होती. झाकण नुसते झाकायला, आत दाब नाही, आणि वरच्या टाकीतून एक बारीक नळी खाली जमिनीकडे सोडलेली. पाणी २० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापले की जवळपास चार टक्के फुगते. वीस लिटरांच्या यंत्रणेत हे पाऊण लिटर झाले. मालक सकाळी टाकी काठोकाठ भरतो, गाडी पहिल्या दहा किलोमीटरांत पाऊण लिटर पाणी ओकते, खाली ओल दिसते, मालक घाबरतो आणि परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरतो. गाडीत काहीही बिघडलेले नसते. नळ्यांची वरची टोके बुडून वर दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहील, इतकेच भरायचे. दोन-तीनदा नीट पाहिले की गाडी स्वतःची पातळी स्वतः दाखवते. पाणी त्या पातळीला येऊन थांबते आणि मग कमी होत नाही. ओकलेले पाणी बाटलीत धरून तेच परत टाकावे.

हे वरचेवर भरणे घातक का, ते पाहा. आपल्याकडे गॅरेजच्या नळाला बहुधा बोअरचे पाणी असते. समजा त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम थर धरणारे क्षार आहेत. यंत्रणा एकदा भरली तर वीस लिटरांत १० ग्रॅम क्षार आले, ते तापून खाली बसले, संपले. तेच पाणी पुन्हा-पुन्हा तापले तरी नवा थर धरत नाही, कारण द्यायला त्यात काही उरलेले नसते. पण दर फेरीला लिटरभर नवे पाणी ओतले तर दर फेरीला अर्धा ग्रॅम नवा दगड आत गेला. हा दगड सगळीकडे सारखा पसरत नाही. घरच्या तांब्याच्या बंबात जसा तो विस्तवाच्या नळीलाच धरतो, तसा इंजिनात तो सर्वांत तापणाऱ्या जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) बैठकीभोवती, चिकटतो. बिडाच्या मानाने हा थर उष्णता किमान वीसपट कमी वाहतो. वरचा काटा ८० दाखवत असतो आणि व्हॉल्व्हजवळची धातू मात्र जळत असते. व्हॉल्व्ह वारंवार जळत असतील तर दोष बहुतेकदा इथे सापडतो.

गंज वेगळा आणि क्षार वेगळा. गंज आणि ओतकामातली उरलेली वाळू वाहत जाऊन ब्लॉकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या सिलिंडरभोवती बसते, कारण तिथे पाण्याचा वेग सर्वांत कमी. १९३०-४०च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन साइड-व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनांत, पॅकार्डच्या आठ सिलिंडरच्या गाड्यांतही, पंपाच्या मागे ब्लॉकच्या पोटात पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या खाचांतून थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी पोचते. ही नळी गंजून कुजली की पुढचे दोन सिलिंडर गार आणि मागचे दोन लालबुंद अशी अवस्था होते. रेडिएटर बदला, पंप बदला, काही फरक पडत नाही. पंप काढल्यावर आत हात घालून ती पाहायलाच हवी. हातात पत्र्याचा चुरा आला तर पितळेची नवी करून घ्यावी, खाचा मात्र जुन्या मापाच्याच.

सफाई कशी करावी, हे नीट सांगतो, कारण इथेच सर्वाधिक घाई होते. आधी थर्मोस्टॅट बाहेर काढा, वरची-खालची होज, म्हणजे रबरी नळी, सोडवा, म्हणजे रेडिएटर आणि ब्लॉक वेगळे धुता येतील. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या, म्हणजे कोअर प्लग, काढा. आतला चिखल वाकवलेल्या तारेने खरवडा आणि पाण्याच्या धारेने बाहेर आणा. हा चिखल कोणत्याही रसायनाने विरघळत नाही, तो हातानेच काढावा लागतो. रेडिएटर उलटा धुवा, म्हणजे पाणी खालून आत आणि वरून बाहेर. नळाचा साधा दाब पुरे. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जाळीत घातली की शंभर वर्षांचे झाळकाम उसवते. मग सगळे जोडून, लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, वीस लिटरांना एक किलो, गरम पाण्यात विरघळवून भरा. इंजिन चालवून पाणी ६०-७० अंशांवर अर्धा तास ठेवा. पाणी तपकिरी होईल. काढा, साध्या पाण्याने धुवा, आणि रंग फारच गडद आला असेल तर निम्म्या मात्रेने पुन्हा एकदा करा. शेवटी लिटरला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटे फिरवा म्हणजे उरलेले आम्ल मरते. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. लिटमस कागद काही रुपयांत मिळतो, तो बुडवून खात्री करा. आम्ल भरलेले ठेवून रात्रभर गाडी उभी करू नये, कथिलाचे जोड खाल्ले जातात. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड तर या गाडीच्या आसपासही नको. ते पितळेतले जस्त खाऊन नळी ठिसूळ करते.

सफाईनंतर एक-दोन ठिकाणी पाणी झिरपू लागले तर सफाईला दोष देऊ नये. ती भोके आधीपासून होती, क्षारांनी बुजली होती, एवढेच. ती झाळून घ्यावीत. गळती बंद करणारी भुकटी वा हळद-मोहरी टाकण्याची जी पद्धत आहे, ती भोक आणि चांगली नळी यांत भेद करत नाही. पहिले दोनशे किलोमीटर वरच्या होजच्या तोंडात बारीक जाळी किंवा पातळ नायलॉनचे कापड बांधून ठेवावे आणि दर फेरीनंतर काढून झटकावे. सुटलेला गंज रेडिएटरच्या अरुंद फटींत जाण्याआधी तिथेच अडतो. ही एवढीशी जाळी महागडा रेडिएटर वाचवते.

वर सांगितलेली रीत बिडाच्या ब्लॉकची आहे. अ‍ॅल्युमिनियमची इंजिने वेगळी. १९१९ची इस्पानो-सुइझा एच-६ आणि १९३६ची रोल्स-रॉइस फँटम थ्री ही मोठी उदाहरणे. फँटम थ्रीचे बारा सिलिंडरचे इंजिन ७.३ लिटरांचे, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि सिलिंडरच्या बाह्या थेट पाण्यात. अ‍ॅल्युमिनियम, बीड आणि पितळ एकाच पाण्यात असले की नुसत्या साध्या पाण्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरा गाळ होतो. तोच गाळ बाह्यांच्या बुडाशी साचतो. अशा इंजिनात धुण्याचा सोडा मुळीच घालू नये. सायट्रिकही लिटरला २० ग्रॅमहून जास्त नको आणि पंधरा मिनिटांहून अधिक नको. गाळ फार असेल तर बाह्या काढून हाताने साफ करणे हाच मार्ग आहे. तो खर्चिक आहे, पण दुसरा नाही.

सफाईनंतर भरायचे पाणी आरओचे, डिस्टिल्ड किंवा स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे. मात्र असे शुद्ध पाणी नुसते भरले तर लोखंड गंजते, म्हणून त्यात गंजरोधक हवेच. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा निम्मे-निम्मे कूलंट भरण्याची गरज नाही. कूलंटमधले ग्लायकॉल जितके जास्त तितकी पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद कमी, आणि ते जुन्या जोडांतून सहज पाझरते. जुन्या धाटणीचे, पितळ-कथिलाला चालणारे कूलंट वीस-पंचवीस टक्के पुरे होते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. हल्ली मिळणारे दीर्घायुषी सेंद्रिय आम्लांचे कूलंट या रेडिएटरना घालू नये. दुसरा जुना उपाय म्हणजे लेथवर वापरतात ते पाण्यात मिसळणारे कटिंग ऑइल, लिटरला १० मिलिलिटर. एमआयडीसीतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळते. याहून जास्त घातले तर रबरी होज फुगतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा सर्वांत लाडका 'इलाज'. 'अडथळा गेला, पाणी मोकळे फिरेल' असे वाटते. होते उलटेच. बऱ्याच इंजिनांत थंड असताना पाणी रेडिएटर टाळून पंपाकडे परत जावे म्हणून एक आडवाट ठेवलेली असते. थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच बाही ही आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर आडवाट कायम उघडी राहते, आणि पाण्याला तीच सोपी असल्याने बराचसा प्रवाह गार न होताच इंजिनात परत येतो. नवा मेणाचा थर्मोस्टॅट बिनबाहीचा बसवला तरी हेच घडते. विकत घेताना जुन्याशेजारी धरून बाहीची उंची पाहावी. जुने थर्मोस्टॅट भात्याचे असत, आत लवकर उकळणारा द्रव. भाता फुटला की त्यातले बरेच उघड्या स्थितीत राहतात, गाडी तापत नाही. मेणाचा बिघडला तर तो बहुधा बंद राहतो. तपासणी घरच्या घरी होते: भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवा, शेजारी थर्मामीटर धरा, ठरल्या अंशाला उघडतो का ते बघा. शटरचेही तसेच. पट्ट्यांच्या खिळांत रंग वा क्रोम-पॉलिश वाळून ते अर्धवट उघडे अडकते, बाहेरून मात्र ऐटदार दिसते. इंजिन गार असताना प्रत्येक पट्टी बोटाने सहज फिरली पाहिजे.

पंपाबद्दल खान्देशातल्या शेतकऱ्याला नवे सांगायला नको. शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड दोरी असते, ग्रॅफाइट लावलेली. मिनिटाला दोन-चार थेंब पडत असतील तर पडू द्यावेत, ते शाफ्टचे वंगण आहे. थेंबही पडू नये म्हणून पान्याने नट आवळला की दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. मग कितीही दोरी भरा, गळती थांबत नाही. नट हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस्स. ग्रीसच्या वाटीला शंभर-दीडशे किलोमीटरला एक फेरा, तोही पाण्यात न विरघळणाऱ्या ग्रीसचा. लोक ग्रीस जास्त भरतात, ते पंपातून पाण्यात जाते आणि रेडिएटरच्या आतल्या भिंतीला साय धरते. वरच्या टाकीत बोट घालून तेलकट लागले तर आधी कपडे धुण्याच्या पावडरीने धुवावे, त्याशिवाय आम्ल क्षारापर्यंत पोचतच नाही.

खालच्या होजवर लक्ष ठेवा. ती पंपाच्या ओढीकडची असते. रबर आतून सुटले की वेग वाढवताच ती चपटी होते आणि पाणी बंद. गाडी उभी असताना सगळे ठीक, रस्त्यावर तापते, अशी तक्रार आली की आधी हीच तपासावी. आत तारेची स्प्रिंग बसवली की काम झाले. पंख्याच्या पट्ट्याचे एकच सांगायचे: चामडी पट्टा सुकून घसरतो, त्याला एरंडेलाचे बोट फिरवावे.

उघड्या यंत्रणेच्या रेडिएटरला सात किंवा तेरा पौंडांची प्रेशर कॅप लावणे हा गुन्हा आहे. दाबाने उत्कलनबिंदू वाढतो हे खरे, पौंडामागे सुमारे दीड अंश. पण त्या चपट्या शिवणी दाबासाठी झाळलेल्याच नाहीत. शिवाय भात्याचा थर्मोस्टॅट दाबाखाली उशिरा उघडतो, म्हणजे ज्यासाठी कॅप लावली त्याच्याच विरुद्ध परिणाम. विजेचा पंखा दहा-पंधरा अँपिअर खातो. जुना डायनॅमो मंद गतीला चार्जच करत नाही, तेव्हा वरातीत तासाभरात बॅटरी झोपते. आणि गाडी धावत असताना हाच पंखा रेडिएटरच्या मधोमध हवा अडवतो.

वरातीचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगावा, कारण आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसापर्यंत या गाड्यांचे मुख्य काम तेच. माणसाच्या चालीने तास-दोन तास चालणे हे कोणत्याही इंजिनाला सर्वांत कठीण. समोरून हवा नाही, पंखा मंद, चारी बाजूंनी माणसे, खाली तापलेले डांबर. त्यात सजावटवाले झेंडूच्या माळा थेट रेडिएटरवर सोडतात आणि मधोमध फुलांची भलीमोठी चादर लावतात. गाडी उकळते ती निम्म्या वेळा या फुलांमुळे. फुले बॉनेटवर, मडगार्डवर, दिव्यांवर हवी तेवढी लावा, जाळी मोकळी ठेवा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरचा कापसाचा पिंजही जाळीत असाच अडकतो. तो मऊ ब्रशने मागून पुढे झाडावा. चालकाने स्टिअरिंगवरची, ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडणारी मूठ पार मागे ओढून ठेवू नये. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल एक्झॉस्टपर्यंत जळत जाते आणि त्यातली बरीच उष्णता पाण्यात उतरते. मंद गतीवर इंजिन न अडखळता जितके पुढे घेता येईल तितके घ्यावे. क्लच अर्धवट दाबून रांगण्यापेक्षा पहिल्या गिअरमध्ये थोडे चालून थोडे थांबणे बरे. वरात संपताच इंजिन एकदम बंद करू नये. पाणी फिरायचे थांबले तरी धातूतली उष्णता पाण्यात येतच राहते आणि बंद केल्यावर पाच मिनिटांनी पाणी उकळते. दोन-तीन मिनिटे मोकळे चालू ठेवून मग बंद करावे.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर सात-आठ टक्के पातळ मिश्रण देऊ लागतो. पातळ मिश्रण हळू जळते, इंजिन गरम चालते, कार्बोरेटरमधून फट्-फट् आवाज येतो. मुख्य जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे भोक) एक आकडा मोठा करावा किंवा सुई तेवढी वर घ्यावी. स्पार्क प्लग काढून रंग पाहावा. चुन्यासारखा पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे, फिका तपकिरी हवा. याच पेट्रोलचा दुसरा त्रास म्हणजे नळीतच वाफ होणे. भर दुपारी लळिंग घाटात गाडी बंद पडते, लोक म्हणतात गाडी तापली. झाकण उघडून पाहावे तर पाणी शांत. मग दोष पाण्याचा नाही, पेट्रोलच्या नळीत वाफ धरली आहे. गाडीतल्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवून पंधरा मिनिटे थांबले की गाडी सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून चार बोटे दूर नेणे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणे.

पाणी खरोखरच उकळले तर गाडी सावलीत घ्या, बॉनेटच्या दोन्ही बाजू उघडा आणि झाकणाला हात लावू नका. अर्धा तास तरी थांबा, ब्लॉकवर हात क्षणभर टेकवता येईपर्यंत. मग इंजिन सुरू करून, मंद चालू ठेवून, कोमट पाणी बारीक धारेने ओता. तापलेल्या बिडावर विहिरीची बादली ओतणे म्हणजे तड्याला आमंत्रण. सिल्व्हर घोस्टमध्ये तीन-तीन सिलिंडर आणि त्यांची हेड एकाच ओतकामात असतात. तिथे गॅस्केट नाही की उडाली तर बदलता येईल, जो तडा जाईल तो ओतकामालाच जाईल. तोरणमाळला, साधारण ११५० मीटर उंचीवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, हेही चढताना ध्यानात असावे.

रेडिएटर चांगला की वाईट हे ठरवायला हल्लीचा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. इंजिन पुरते तापल्यावर वरच्या आणि खालच्या टाकीवर रोखा. पंपाच्या गाडीत आठ ते बारा अंशांचा फरक असावा, थर्मोसायफनच्या गाडीत पंचवीसच्या आसपास. फरक फार मोठा असेल तर पाणी कमी फिरते आहे, फार लहान असेल तर हवा कमी जाते आहे. मग जाळीवर चौकोन-चौकोन करून फिरवा. जिथे एकदम गार लागते तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत.

हे सगळे न करता 'जाळी गेली' म्हणून ट्रॅक्टरची जाळी कापून बसवली जाते आणि मूळची पितळेची पोळ्यासारखी जाळी किलोवर भंगारात जाते. याचे फार वाईट वाटते. त्या जाळीतला एकेक कोश हाताने झाळलेला असतो, भोवतीचे जर्मन सिल्व्हरचे आवरण हाताने ठोकलेले असते. ते आता पुन्हा तसे कोणी करून देत नाही. ज्यांच्याकडे अशी काढलेली जाळी पडून असेल त्यांनी ती विकू नये. निम्म्या नळ्या बुजलेली जाळीही धीराने साफ होते, आणि नाहीच झाली तर नवी करायला मापाचा नमुना तरी राहतो.

पावसाळ्यात गाडी उभी करताना पाणी काढून ठेवू नये. ओल्या रिकाम्या ब्लॉकला भरलेल्यापेक्षा लवकर गंज धरतो. गंजरोधक घातलेले पाणी नेहमीच्या पातळीपर्यंत भरून ठेवावे, पंधरवड्यातून एकदा इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावे, म्हणजे पंपाची दोरी कोरडी पडून शाफ्टला चिकटत नाही. नुसते दोन मिनिटे चालवून बंद करणे उपयोगाचे नाही, त्याने आत ओल जमते आणि सायलेन्सर कुजतो.

आपले,
जुन्या मोटारींची दुरुस्ती करणारे काही वाचक, जळगाव